खाद्य बेडकाचा कुलवृत्तान्त

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत बेडकांवर एक सूक्त आहे, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. वर्षभर मौन धरून बसलेले बेडूक पहिल्या पावसासरशीं कसे ओरडूं लागतात, व त्या ओरडण्यास ऋषीनें मंत्रपठण करणाऱ्या ब्राह्मणांची उपमा कशी दिली आहे, याचा उल्लेख वारंवार होतो. कोणी त्यांत विनोद पाहतात, कोणी पर्जन्याची प्रार्थना पाहतात. परंतु त्याच सूक्तांतील एका साध्या निरीक्षणाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. ऋषि म्हणतो कीं, यांतला एक गाईसारखा हंबरतो तर दुसरा बोकडासारखा ओरडतो. एक ठिपक्यांचा आहे तर एक हिरवा आहे. नांव मात्र सर्वांचें एकच. एका नांवाखालीं अनेक रूपें नांदत आहेत, हें त्या प्राचीन कवीनें कान व डोळे उघडे ठेवून टिपलें होतें. त्यानंतर हजारों वर्षांनीं यूरोपांतील पंडितांस नेमक्या ह्याच गोष्टीनें दोनशें वर्षें चकविलें. ती हकीकत आज वाचकांस सांगण्याचें योजिलें आहे.

ह्या विषयाकडे आम्ही वळलों त्यास एक खासगी कारणही आहे, आणि तें आम्हांस फारसें भूषणावह नाहीं. आमचा विषय संस्कृत; परंतु शिक्षकांची वाण पडे तेव्हां खालच्या वर्गांचा शास्त्राचा तासही आमच्याच गळ्यांत येई. अशाच एका पावसाळी तासाला 'जाति' ह्या शब्दाची व्याख्या आम्हीं फळ्यावर लिहिली: ज्यांच्या संकरापासून पुढें वंश चालत नाहीं त्या प्राण्यांच्या जाति भिन्न समजाव्या. उदाहरण घोडा, गाढव व खेचर यांचें. त्यास जोडून, अश्वतरीचा गर्भ तिच्या नाशासच कारण होतो हा महाभारतांतील दृष्टान्तही आम्हीं आमच्या संवयीप्रमाणें सांगून टाकला. तोंच मागल्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, शाळेमागच्या डबक्यांत दोन तऱ्हांच्या आवाजांचे बेडूक ओरडतात. त्यांचीं एकमेकांत लग्नें लागलीं तर पोरें कोणच्या आवाजांत ओरडतील?" वर्ग हंसला. आम्हांस तो चावटपणा वाटला. "भिन्न जातींचा संसार होत नाहीं, खालीं बैस," असें म्हणून आम्हीं त्यास बसविलें, आणि वर्गांत हंशा पिकविल्याबद्दल हातावर एक छडीही दिली. पुढें नोकरींतून मोकळें झाल्यावर सवडीनें वाचन करीत असतां आढळून आलें कीं, प्रश्न अगदीं योग्य होता. चूक होती ती फळ्यावरच्या व्याख्येंत.

आतां मूळ कथेकडे वळूं. फ्रान्सपासून पोलंडपर्यंत व त्याही पलीकडे, तळीं, कालवे व पाणथळ कुरणें यांत हिरवट रंगाचे पाणबेडूक राहतात. स्वीडनचा प्रख्यात वर्गीकरणकार लिनीअस यानें १७५८ सालीं त्यांस 'राना एस्क्युलेंटा', म्हणजे 'खाद्य बेडूक', असें लॅटिन नांव दिलें. बेडकाच्या मागल्या तंगड्या खाण्याची चाल फ्रान्सांत अद्यापि आहे, हें सर्वांस माहीत आहेच. सोंवळ्यांतल्या वाचकांनीं हें वाक्य डोळे मिटून ओलांडावें. पुढें १७७१ सालीं पालास नांवाच्या संशोधकानें कास्पियन समुद्राच्या उत्तर तीरावरील एका मोठ्या बेडकास 'रिडिबुंडा', म्हणजे 'हंसरा', असें नांव दिलें, कारण त्याचें ओरडणें कोणी खदखदून हंसावें तसें ऐकूं येतें. त्यानंतर शंभरावर वर्षांनीं, १८८२ सालीं, इटलींतील तुरीन येथील कामेरानो यानें एका लहान चणीच्या बेडकास तेथीलच प्राणिशास्त्रज्ञ मिकेले लेसोना यांचें नांव दिलें. अशीं तीन नांवें झालीं. हंसरा आकारानें सर्वांत मोठा, लांब तंगड्यांचा. ओरडतांना त्याच्या गालांशीं ज्या पिशव्या फुगतात त्या काळपट करड्या. लेसोना लहान, आंखूड तंगड्यांचा. त्याच्या पिशव्या पांढऱ्या. मागल्या पायाच्या आंतल्या बोटाच्या मुळाशीं एक घट्टा असतो, तो लेसोनाचा मोठा व अर्धचंद्राकार, हंसऱ्याचा लहान व चपटा. आणि खाद्य बेडूक प्रत्येक बाबतींत ह्या दोघांच्या मधला: चण मधली, तंगडी मधली, घट्टाही मधला. तिघांनाही एकच नांव द्यावें, कीं दोन द्यावीं, कीं तीन, याविषयीं विद्वानांत दीर्घकाळ मतभेद राहिले. मधला म्हणजे मिश्र, ही शंका कोणाच्या मनांत आली नसेल असें नव्हे. पण खाद्य बेडूक तर हजारोंनीं आढळे, आणि जेथें हंसरा कित्येक कोसांत नाहीं अशाही ठिकाणीं आढळे. खेचरांचे कळप रानांत आपोआप वाढत असल्याचें कोणी ऐकलें आहे काय? तेव्हां संकराची शंका मागें पडे.

ही गांठ सोडविली ती पोलंडांतील पोझनान शहरच्या लेशेक बेर्गेर ह्या संशोधकानें. १९६० नंतरच्या दशकांत त्यानें जो उद्योग केला तो दिसावयास अगदीं साधा होता. तिन्ही प्रकारचे नर व माद्या जमवावयाचे, त्यांच्या जोड्या निरनिराळ्या तऱ्हांनीं लावावयाच्या, अंडीं उबवावयाचीं, पिलें वाढवावयाचीं, आणि मोठीं झाल्यावर त्यांच्या तंगड्या व घट्टे मोजावयाचे. असलें काम वर्षानुवर्षें चालवावयास जी चिकाटी लागते ती बुद्धीहूनही दुर्मिळ, असें आमचें शिक्षकी पेशांतलें मत आहे. त्यास जें दिसलें तें असें. लेसोना व हंसरा यांची जोडी लावली असतां संतति खाद्य बेडकाची झाली. म्हणजे लिनीअसनें ज्यास जाति म्हणून नांव दिलें तो प्रत्यक्षांत दोन जातींचा संकर होता. खाद्य नर व खाद्य मादी यांची जोडी लावली तर पिलें बहुतेक सारीं लहानपणींच मेलीं. येथवर खेचराशीं साम्य दिसतें. पण खाद्य व लेसोना यांची जोडी लावतांच नवल घडलें. नेहमींच्या हिशेबानें ह्या संततींत बारा आणे लेसोना व चार आणे हंसरा दिसावयास हवा होता, आणि पिढी दर पिढी लेसोनाकडे झुकतां झुकतां हंसऱ्याचा अंश पुसून जावयास हवा होता. तसें झालें नाहीं. संतति पुन्हां पुरती खाद्य बेडकाचीच निपजली. जणूं कांहीं लेसोना आणि अस्सल हंसरा यांचीच जोडी लावली होती.

ह्याचा उलगडा करण्यास थोडें आंत शिरावें लागेल. ह्या बेडकांच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रें २६ असतात. तेरा आईकडून आलेलीं, तेरा बापाकडून. सामान्य प्राण्यांत अंडें किंवा शुक्रबीज तयार होतांना आईकडच्या व बापाकडच्या सूत्रांची पत्त्यांच्या जोडाप्रमाणें पिसापीस होते, आणि प्रत्येक अंड्यांत त्या मिश्रणांतील तेरा जातात. आपल्या मुलाचें नाक आजोबांवर व कपाळ आजीवर जातें तें ह्याच पिसापिशीमुळें. परंतु खाद्य बेडकाच्या शरीरांत पिसापीस होतच नाहीं. अंडें किंवा शुक्रबीज बनण्यापूर्वीं लेसोनाकडून आलेलीं तेराच्या तेरा सूत्रें टाकून दिलीं जातात. हंसऱ्याकडून आलेल्या तेरा सूत्रांच्या प्रती निघतात, आणि तींच जशींच्या तशीं पुढच्या पिढीस मिळतात. मग त्या अंड्याचा लेसोनाशीं संयोग झाला कीं तेरा हंसऱ्याचीं व तेरा लेसोनाचीं मिळून पुन्हां खाद्य बेडूक सिद्ध.

आमच्या गृहिणी वाचकांस हें एका शब्दांत सांगतां येईल: विरजण. घरांतलें विरजण पिढ्यान् पिढ्या तेंच असतें. दूध मात्र रोज नवें, आणि तेंही शेजारच्या गोठ्यांतून आणलेलें. दोहोंचें मिळून दहीं होतें, दहीं खाऊन संपतें, उरतें तें चमचाभर विरजण. खाद्य बेडकाच्या कुळांत हंसऱ्याचा वारसा हें विरजण, आणि लेसोनाचा वारसा हें रोजचें उसनें दूध. प्रत्येक पिढींत तें अंगीं लागतें, हाडामांसाचें होतें, पण पुढें दिलें जात नाहीं. म्हणूनच ज्या तळ्याच्या आसपास हंसरा औषधालाही सांपडत नाहीं तेथेंही त्याचा वारसा खाद्य बेडकाच्या पोटांत सुखरूप असतो. मेक्सिकोंतील कांहीं लहानशा माशांत हाच प्रकार पूर्वीं दिसून आला होता. पण तेथें हीं सारीं कुळें माद्यांचींच असतात, बेडकांत मात्र नर व मादी दोन्ही आहेत. बेर्गेरच्या मापांवर ज्यांचा विश्वास बसला नाहीं त्यांची खात्री व्हिएन्नाच्या टुनर ह्या संशोधकानें १९७३ सालीं रक्तांतील द्रव्यें तपासून पटविली: खाद्य बेडकाच्या रक्तांत लेसोनाचें व हंसऱ्याचें अशीं दोन्ही द्रव्यें शेजारीं शेजारीं सांपडलीं. बेर्गेरच्या ह्या कामाचें स्मारक म्हणून इटलीच्या द्वीपकल्पांतील एका पाणबेडकास पुढें त्याचें नांव देण्यांत आलें. मूळचें 'राना' हें गणनामही आतां बदललें असून ह्या सर्व पाणबेडकांस 'पेलोफिलॅक्स' म्हणतात.

आतां विरजणाचाच दाखला थोडा पुढें नेऊं. फार दिवस एकच विरजण चालविलें, मध्यें कधीं बदललें नाहीं, तर तें आंबूस होतें, त्यास तार सुटते. नेमकें तेंच येथें घडतें. पिसापीस ही केवळ करमणूक नव्हे. सूत्रांत जीं बारीकसारीक वैगुण्यें शिरतात तीं ह्या पिसापिशींतच गाळलीं जातात. खाद्य बेडकांतील हंसऱ्याचीं सूत्रें पिढ्यान् पिढ्या न पिसतां चालत आल्यामुळें त्यांत वैगुण्यें सांचत गेलीं. जोंवर जोडीला लेसोनाचीं निकोप सूत्रें आहेत तोंवर हें झांकून जातें. परंतु खाद्य नर व खाद्य मादी यांची गांठ पडली कीं दोन्ही बाजूंनीं हंसऱ्याचींच, त्याच वैगुण्यांचीं, सूत्रें एकत्र येतात आणि पिलें मरतात. स्विस संशोधक फॉर्बुर्गर यानें २००१ सालीं ह्याची मोठी मार्मिक परीक्षा केली. एकाच तळ्यांतले खाद्य बेडूक न घेतां दूरदूरच्या तळ्यांतले घेऊन त्यानें त्यांच्या जोड्या लावल्या. तेव्हां पिलें जगूं लागलीं. एका कुळांत जें वैगुण्य सांचलें होतें तें दुसऱ्या कुळांत नव्हतें, दुसऱ्यांतलें पहिल्यांत नव्हतें. सगोत्र विवाह कां टाळावा याविषयीं आमच्या धर्मशास्त्रकारांनीं जीं कारणें दिलीं आहेत तीं वेगळीं. तथापि हा प्रयोग वाचतांना आम्हांस त्यांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

येथें एक खुलासा केलेला बरा. 'संकर' हा शब्द वाचतांच कांहीं वाचकांस गीतेच्या पहिल्या अध्यायांतील अर्जुनाची चिंता आठवेल, आणि कोणी बेडकांवरून माणसांच्या वर्णजातींविषयीं निष्कर्ष काढूं पाहतील. त्यांनीं तो मोह आवरावा. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें मनुष्य ही सर्वत्र एकच जाति आहे. दोन मनुष्यसमाजांतील विवाहास लेसोना व हंसरा यांचा दाखला मुळींच लागू पडत नाहीं.

तर मग खाद्य मादीच्या दृष्टीनें पाहतां तिच्यापुढें मोठा बिकट प्रश्न आहे. तळ्यांत लेसोनाचेही नर आहेत व स्वजातीचेही आहेत. स्वजातीचा नर मिळाला तर संतति मरणार. लेसोना मिळाला तर वंश चालणार. बेडकांच्या विवाहांत मात्र मादीचें फारसें चालत नाहीं. जो नर आधीं येऊन पाठीस मिठी मारतो तो सहजासहजीं सुटत नाहीं. ज्युरिख येथील रायर व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें आहे कीं, ह्या माद्या उघड प्रतिकार करूं शकल्या नाहींत तरी एक गुप्त उपाय योजतात: पाठीवर स्वजातीचा नर असेल तर त्या अंडींच कमी घालतात. उरलेलीं अंडीं पोटांत राखून ठेवलीं कीं पुढें योग्य वर मिळण्याची आशा राहते. हें वाचून आम्ही पुस्तक मिटून कांहीं वेळ स्वस्थ बसलों. ज्या प्राण्यास आम्हीं वर्गांत मेणाच्या ताटांत उताणा टोंचून त्याचें हृदय मुलांस दाखविलें, त्याच्या ठायीं इतका विवेक असेल हें आमच्या स्वप्नींही आलें नव्हतें. विवेक म्हणजे विचार करून केलेली कृति नव्हे, हें आम्ही जाणतों; पण दुसरा शब्द सांपडत नाहीं.

आतांपर्यंतच्या वर्णनावरून वाचकांस वाटेल कीं, लेसोना व हंसरा यांचे वारसे एका देहांत नांदूनही कधीं एकजीव होत नाहींत. बहुतांशीं तें खरें. परंतु मागल्या दारानें देवघेव होतेच, आणि ती कशी होते हें पाहणें मोठें मनोरंजक आहे. पेशींत गुणसूत्रांखेरीज आणखी एक लहानसा वारसा असतो. पेशीस शक्ति पुरविणाऱ्या ज्या तंतुकणिका, त्यांचीं स्वतःचीं जनुकें असतात, व तीं केवळ आईकडून मिळतात. बापाचा त्यांत भाग नाहीं. समजा, लेसोना मादी व खाद्य नर यांचें लग्न झालें. मुलगी झाली ती खाद्य. तिचीं तेरा सूत्रें हंसऱ्याचीं, तेरा लेसोनाचीं, आणि तंतुकणिका आईच्या, म्हणजे लेसोनाच्या. ही मुलगी अंडीं घालील तेव्हां लेसोनाचीं सूत्रें टाकून देईल. पण तंतुकणिका टाकतां येत नाहींत, त्या अंड्यांतच राहतात. ह्या अंड्याची गांठ पुढें एखाद्या अस्सल हंसऱ्याशीं पडली तर जें पिलूं होईल तें दिसण्यांत, सूत्रांत, आवाजांत सोळा आणे हंसरा. मात्र त्याच्या पेशीपेशींत लेसोनाच्या तंतुकणिका. स्पोल्स्की व उझेल ह्या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९८४ सालीं पोलंडांतील हंसऱ्या बेडकांत हाच प्रकार दाखवून दिला. ज्याच्या कुळांत लेसोनाचा मागमूसही नाहीं असें कोणीही शपथेवर सांगितलें असतें, त्याच्या घरीं लेसोनाच्या पणजीची पेटी निघाली! एका जातीचीं जनुकें दुसरींत जाण्याचे जे मार्ग आहेत त्यांत खाद्य बेडकाचें हें दुभाषाचें काम फारच विलक्षण आहे.

नेहमींचा मार्ग कोणता तेंही थोडक्यांत सांगतों. त्याच पोलंडांत क्राकोजवळ पोटाशीं तांबडे व पिवळे डाग असलेले दोन लहान बेडूक आहेत. तांबड्या डागांचा सखल भागांतील तळ्यांत राहतो, पिवळ्या डागांचा डोंगराळ भागांतील लहानसहान डबक्यांत. जेथें सखल भाग संपून चढ लागतो तेथें दोघांची गांठ पडते व मिश्र संतति होते. ही संतति वांझ नसते, पण तिच्यांतील बरीचशी निर्बल निघते, म्हणून मिश्रणाचा पट्टा पसरत नाहीं. शिमुरा व बार्टन यांनीं १९८६ सालीं तो मोजला तेव्हां रुंदी सुमारें ६ किलोमीटर भरली. हिमयुगानंतर हे दोघे हजारों वर्षें शेजार करून आहेत, पण मिश्रण त्या चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे फारसें गेलें नाहीं.

खाद्य बेडकास शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं एक नवी संज्ञा दिली. हा जाति म्हणावी तर जाति नव्हे, नुसता संकर म्हणावा तर कुळ चालवितो. तेव्हां द्युब्वा व ग्युंटर यांनीं ग्रीक भाषेंतील चोरीच्या धातूवरून 'क्लेप्टॉन' असा शब्द बनविला. म्हणजे पिढोपिढी लेसोनाचा वारसा चोरणारा. संज्ञा सोयीची आहे, रूढही झाली आहे. पण आम्हांस ती पटत नाहीं. जो घेतलेलें वापरतो आणि मरतांना सोडून जातो त्यास चोर म्हणावें कीं कुळकायद्यापूर्वींचें कूळ म्हणावें, हें वकिलांनीं ठरवावें. शिवाय सर्वच खाद्य बेडूक परावलंबी नाहींत. डेन्मार्क, दक्षिण स्वीडन व उत्तर जर्मनी येथील कित्येक तळ्यांत लेसोनाही नाहीं व हंसराही नाहीं. केवळ खाद्य बेडूकच राहतात आणि पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांनीं युक्ति अशी साधली आहे कीं, त्यांच्यांतील कांहींच्या पेशींत सूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच असतात: कोणाजवळ लेसोनाचे दोन व हंसऱ्याचा एक, कोणाजवळ उलट. ज्याचा संच एकटा तो टाकला जातो. जे दोन सारखे असतात त्यांची आपसांत रीतसर पिसापीस होऊन पुढें जातात. म्हणजे विरजणही घरचें, दूधही घरचें, आणि विरजण ताजें ठेवण्याची सोयही घरांतच! चोर म्हणून ज्याची संभावना केली त्यानें उत्तरेकडे स्वतंत्र बिऱ्हाड थाटलें आहे.

मध्य व पश्चिम यूरोपांतील बिऱ्हाड मात्र हल्लीं संकटांत आहे, आणि तें संकट तंगड्या खाण्याच्या त्या चालींतूनच बव्हंशीं उद्भवलें आहे. फ्रान्सांतील तळीं ती भूक भागवूं शकेनात तेव्हां बाहेरून माल येऊं लागला. त्यांत आपल्या देशाचा वाटा मोठा होता. भातखाचरांतील मोठे बेडूक पकडून त्यांच्या गोठविलेल्या तंगड्या जहाजांनीं परदेशीं जात. शेतांतील किडे खाणारा प्राणी असा नाहींसा होऊं लागल्यावर १९८७ सालीं भारत सरकारनें ही निर्यात बंद केली, आणि तो व्यापार मुख्यतः इंडोनेशियाकडे वळला. आपल्याकडचा माल निदान मेलेला असे. त्याच सुमारास बाल्कन प्रदेश व तुर्कस्तान येथून जे हंसऱ्याच्या कुळांतले पाणबेडूक पश्चिमेकडे पाठविले जात ते मात्र जिवंत. त्यांतील कांहीं निसटले, कांहीं बागांतील तळ्यांसाठीं म्हणून विकले गेले, आणि स्वित्झर्लंड, फ्रान्स, बेल्जम येथें, जेथें हंसरा पूर्वीं नव्हता तेथें, तो मातला.

पाहुणा आकारानें मोठा आहे एवढेंच असतें तर भागलें असतें. परंतु पाहुण्याचें व खाद्य बेडकाचें लग्न लागलें म्हणजे काय होतें तें पाहा. खाद्य बेडूक देतो तीं हंसऱ्याचींच जुनीं सूत्रें. पाहुणा देतो तीं हंसऱ्याचीं निकोप सूत्रें. संतति धडधाकट हंसरा! म्हणजे खाद्य बेडकानें केलेला प्रत्येक असा संसार पाहुण्याची संख्या वाढवितो व स्वतःचें कुळ बुडवितो. दुसरीकडे लेसोनाची गांठ पाहुण्याशीं पडली तर कित्येकदां संतति होते, पण दक्षिणेकडून आलेल्या ह्या पाहुण्यांच्या सूत्रांस लेसोनाचा वारसा टाकून देण्याची ती जुनी कला बहुधा अवगत नसते. त्यामुळें ती संतति खेचरासारखी निष्फळ ठरते आणि लेसोनाचीं अंडीं वायां जातात. लेसोना घटला कीं खाद्य बेडकाचें दूध आटलें. फॉर्बुर्गर व रायर यांनीं २००३ सालीं हा सारा हिशेब मांडून दाखविला कीं, युद्ध नाहीं, रोग नाहीं, केवळ लग्नांच्या मार्गानें एक पाहुणा दोन यजमानांस घराबाहेर काढूं शकतो. आणि ह्यांतील दुःखाची गोष्ट ही कीं, तिघे बेडूक दिसण्यांत इतके सारखे कीं, तळ्यांतील ओरडणें थांबत नाहीं, बेडूकही दिसत राहतात, आणि काठावरून जाणाऱ्या माणसास कांहीं बदललें असें वाटतच नाहीं.

कुळाचा पुरावा वेळेवर न मिळाल्यानें काय होतें याचें उदाहरण इंग्लंडांत घडलें. पूर्वेकडील नॉरफोक परगण्यांत लेसोनाची एक लहानशी वस्ती होती. ती मूळची इंग्लंडची नव्हे, कोणीतरी परदेशांतून आणून सोडलेली आहे, असें सर्वमान्य मत होतें. म्हणून तिच्या संरक्षणाची तजवीज कोणी केली नाहीं. पुढें शंका आली, तपास सुरू झाला. जनुकें तपासलीं तीं नॉर्वे व स्वीडन येथील लेसोनाशीं जुळलीं, दक्षिणेकडील लेसोनाशीं नव्हे. पूर्व इंग्लंडच्या दलदलींत सुमारें हजार वर्षांपूर्वींचीं त्याचीं हाडेंही सांपडलीं. आणि जुन्या ध्वनिमुद्रणांतील त्याचा आवाज ताडून पाहिला तर तोही उत्तरेकडच्याच घराण्याचा निघाला. बेडूक अस्सल इंग्रज ठरला. पण तोंवर, १९९० नंतरच्या त्या दशकांत, वस्ती संपून गेली होती. अखेर २००५ सालीं स्वीडनमधून त्याचे भाऊबंद आणून नॉरफोकमध्यें पुन्हां सोडावे लागले. ते तेथें आतां अंडीं घालतात.

आवाजाची ही गोष्ट वाचली तेव्हां आम्हांस मागल्या बाकावरचा तो मुलगा आठवला. खाद्य नर ओरडतो तो कोणाच्या आवाजांत, हेंही यूरोपांतील लोकांनीं यंत्रांनीं मोजून ठेविलें आहे. लेसोनाचें ओरडणें म्हणजे एकसारखी लांबलेली घरघर. हंसऱ्याचें तुटक तुटक, खदखदणारें. खाद्य बेडकाचें ह्या दोहोंच्या बरोबर मधलें. आमच्या शाळेमागच्या डबक्यांतील बेडूक ह्या कुळांतले नव्हेत हें खरें, तथापि प्रश्नाचें उत्तर निदान एका ठिकाणीं तरी सांपडलें. तो विद्यार्थी आतां चांगला वडीलधारा गृहस्थ असून एका मोठ्या शहरांत राहतो. पत्ता मिळवून आम्हीं त्यास सर्व हकीकत सविस्तर पत्रानें कळविली, व छडीबद्दल दिलगिरीही प्रदर्शित केली. त्याचें उत्तर गेल्या आठवड्यांत आलें. असा प्रश्न विचारल्याचें त्यास मुळींच स्मरत नाहीं. छडी मात्र चांगली स्मरते, आणि ती कशाबद्दल बसली होती हें इतक्या वर्षांनीं कळलें म्हणून त्यानें आभार मानले आहेत.